तेरावी गल्ली, तार क्रमांक सात

४ मार्च, सोमवार

ओतोनाईला पोचलो! बसमधून उतरलो तेव्हा रस्त्याच्या दोन्ही अंगांना माझ्या डोक्याहून उंच बर्फ रचलेला, आणि मधून एवढीशी काळी वाट. कोऱ्या कागदावर कुणी एकच ओळ लिहून ठेवावी तशी. पासष्टाव्या वर्षी नव्या नोकरीवर रुजू होणारा माणूस हसेल नाही तर काय करील? नोकरी चार आठवड्यांची का असेना.

हे गाव मी कधी पाहिलं नव्हतं, पण त्याची घंटा मी ओळखतो. साप्पोरोला कोळसा कंपनीच्या मुख्य कचेरीत टेलिफोन एक्स्चेंजवर तीस वर्षं काढली. प्रत्येक खाणीहून एकेक तार यायची आणि प्रत्येक तारेची घंटा निराळी वाजायची. ओतोनाईची जरा दबकी, उंबऱ्यापाशी बूट काढून संकोचानं उभ्या राहिलेल्या पाहुण्यासारखी. आता खाण बंद, कंपनीही मोडली. उरलं आहे ते खाणकामगारांचं इस्पितळ. त्याचं जुनं एक्स्चेंज मोडीत निघायचं आहे. टेकडीवरच्या नव्या इमारतीत नवं बसलंय. दोघांची जोडणी करायची, सारे नंबर जुन्या घरातून नव्या घरात हलवायचे, आणि २९ तारखेला जुन्याचा दिवा मालवायचा. जुन्याची भाषा कळणारा माणूस मी एकटाच उरलो, म्हणून हे बोलावणं.

हेडक्लार्क मुरोईसाहेबांनी दारातच 'या, कुरामोची-सान' म्हणत तीनदा वाकून नमस्कार केला. ऑपरेटर होरिकोशी फुसाएबाई अठ्ठावन्नच्या, चष्मा दोरीनं गळ्यात, जीभ तिखट. माझ्या सामानात तारांपेक्षा कवितांच्या वह्या जास्त बघून म्हणाल्या, एक्स्चेंज दुरुस्त करायला माणूस मागितला होता, हे तर कविराज पाठवलेत! रात्री आंबवलेल्या सोयाबीनचा मिसो घातलेलं माशाचं कालवण, मुरलेला मुळा, गरम भात. जुन्या नर्सेसच्या बराकीत खोली, रॉकेलची शेगडी. अजून काय हवं?

६ मार्च, बुधवार

जुनं एक्स्चेंज कुठं ठेवलंय म्हणाल, तर खाणीच्या बोगद्याच्या तोंडात! इस्पितळ टेकडीला पाठ लावून बांधलं, तेव्हा हा हवेचा बोगदा आयताच हाती लागला. उन्हाळा-हिवाळा एकच गारवा, यंत्राला उत्तम. लोखंडी दार, आत दिव्यांची रांग, टेबल, एक काळा फोन. पलीकडे विटांची भिंत. भिंतीमागं डोंगर. इथले लोक खाणीला डोंगरच म्हणतात. कामाला जाताना एकमेकांना 'सुखरूप!' म्हणायची खाणीतली रीत अजून चालू आहे. नर्सही म्हणतात, पाववालाही म्हणतो. मुरोईसाहेबांनी सांगितलं, २९ला दुपारी यंत्र बंद झालं की लगेच बोगद्याचं तोंड काँक्रीटनं बुजवायचं, तसा सरकारी हुकूमच आहे. बुजवण्याआधी ते आतल्या फोनवर घंटा देतील. कुणी उचलला नाही, तर आत कुणी नाही. जुन्या खाणीतली हीच पद्धत होती म्हणे.

ओगासावारा गुरुजींनी तिसरीत पाठ करून घेतलेली कविता आज उगाच ओठांवर आली:

हाक आली तर 'ओ' द्यावी, मुला,
हाक परतली तर घर विसरते.

किती गोड चालीत म्हणायचो आम्ही.

८ मार्च, शुक्रवार

दोन दिवस दोन्ही यंत्रं मुकी. दोष माझाच. दोन एक्स्चेंजं जोडताना एकाला वडील आणि दुसऱ्याला धाकटा ठरवावं लागतं. आधी कोण बोलणार, वाट कोण देणार, हे त्यावर चालतं. मी दोघांनाही धाकटं करून बसलो! मग काय, दोन अतिसभ्य माणसं दारात अडकावीत तसं, 'आधी आपण', 'छे, छे, आधी आपण'. फुसाएबाई म्हणाल्या, आमच्या गावात अशीच दोन लग्नं मोडली.

आज नव्याला वडील केलं. आता प्रश्न बोलीचा. 'फोन आलाय', 'उचलला', 'ठेवला' हे तारेवरून सांगायची प्रत्येक कारखान्याची बोली वेगळी. नव्या यंत्रात चार बोली भरून दिल्यात. पहिलीत नुसती घंटा पोचते. दुसरीत कुठून आला तो नंबर. तिसरीत माणसाचं नाव. चौथी आमच्या कंपनीची खास, आणि तीत एक कलम असं आहे जे जगात दुसरीकडं नाही: ज्याला 'जरा थांबा' म्हटलं, त्याची तार त्यानं स्वतः फोन ठेवल्याखेरीज कुणीही तोडायची नाही. हे कलम माझं. मीच लिहिलं, साहेबांशी भांडून. मुरोईसाहेब हसले. म्हणाले, एवढी सभ्यता यंत्राला शिकवलीत?

शिकवली खरी.

११ मार्च, सोमवार

पहिली बोली लावली. चाचणीचे सगळे फोन नीट लागले. दुपारी दोन वाजून वीस मिनिटांनी तार क्रमांक सातवर घंटा आली. दबकी, संकोची. उचलला तर शांतता. फुसाएबाईंना विचारलं, त्यांनी लावला नव्हता. यादीत बघितलं: सात नंबरची तार पूर्वी खाणीत, खाली जायची. खाण बंद झाली तेव्हा तोडलेली.

तोडलेल्या तारेतही कधी कधी वीज शिरते. ओल असते.

१३ मार्च, बुधवार

दुसरी बोली. दोन वीसला पुन्हा सात. आज नंबर उमटला: १३०२. मुरोईसाहेबांनी जुनी वही काढली. तेरावी गल्ली, फोन दुसरा. जमिनीखाली सहाशे मीटर. गेली छत्तीस वर्षं पाण्याखाली.

त्यांनी वही मिटली आणि माझ्यासाठी चहा सांगितला. वरून हेही म्हणाले, की हे फुसाएबाईंना सांगू नका.

१५ मार्च, शुक्रवार

काम थांबवता येत नाही. वॉर्डातल्या फोनांना तिसरी बोली लागतेच, ती लावली. मनात आलं, हा जो कोण आहे त्याला मी रोज एकेक शब्द शिकवतोय.

दोन वीस. नाव आलं. इसोगाई.

फुसाएबाई फायली घेऊन माझ्या मागंच उभ्या होत्या. फायली पडल्या नाहीत, काही नाही. त्यांनी चष्मा लावला, नाव पुन्हा वाचलं, चष्मा काढला. मग म्हणाल्या, अक्षर बरोबर आहे हो. आणि स्टुलावर बसून सगळं सांगितलं.

इसोगाई तोकुजी खाली फोन सांभाळायचा. या बावीस वर्षांच्या, वर एक्स्चेंजवर. दर पाळीला तो फोन करून विचारायचा, 'काय गं, वर बर्फ पडतोय का?' आणि या म्हणायच्या, 'वर येऊन बघ की, पाय मोडलेत का तुझे!' लग्न ठरल्यातच जमा होतं. शोवा एकेचाळीस साल, म्हणजे छत्तीस वर्षांपूर्वी, २९ मार्च. खाली वायूचा स्फोट झाला. आग पसरू नये म्हणून तेरावी गल्ली बंद करायचा हुकूम सुटला, खाली कुणी जिवंत नाही असं गृहीत धरून. दोन वीसला इसोगाईचा फोन आला: आम्ही अकरा जण जिवंत आहोत, दार बंद करू नका. खाणीचे मॅनेजर जागेवर नव्हते. या मुलीनं डोकं चालवलं आणि फोन थेट साप्पोरोच्या मुख्य कचेरीला जोडून दिला. तिकडं कुणीतरी उचलला. यांनी तो आवाज ऐकला. बरोबर माणसाला मिळाला म्हणून निश्चिंत होऊन यांनी ऐकायचं थांबवलं, तारेवरून कान काढला.

दोन चाळीसला गल्ली बंद झाली.

वर कोण होता तो, एवढंच मला कळायला हवंय, म्हणाल्या. मारायचं नाहीये त्याला. विचारायचंय, की बाबा, तू काय सांगितलंस माझ्या माणसाला?

मी शेगडीची वात कमी-जास्त करत राहिलो.

१८ मार्च, सोमवार

आज त्यांनी आणखी एक सांगितलं. खाणीत मेलेल्याला वर आणताना सोबती प्रत्येक वळणावर त्याला हाक मारून सांगायचे, 'तोकुजी, नववी गल्ली आली', 'तोकुजी, वर चाललोय रे'. नाही सांगितलं तर जीव खालीच घुटमळतो, त्याला वाट कळत नाही. त्या अकरांना कुणी सांगितलं नाही. प्रेतंच वर आली नाहीत.

काँक्रीट पडायच्या आधी कुणीतरी सांगायला हवं, कविराज. मी सांगितलं असतं, पण मला तो फक्त बर्फाचंच विचारणार, आणि मला रडू फुटणार. तुमच्याकडे शब्द आहेत.

२० मार्च, बुधवार

इथं लिहितो, दुसरीकडं धीर नाही.

तो मी होतो.

२९ वर्षांचा. त्या दुपारी सगळ्या तारा मंत्रालयासाठी मोकळ्या ठेवायचा हुकूम होता. ओतोनाईची घंटा वाजली, मी उचलला. माणूस शांतपणे बोलत होता. आधी, आपल्याला त्रास देतोय, क्षमा असावी म्हणाला. मग अकरा जण म्हणाला. मी म्हटलं, 'जरा थांबा हं.' साहेबांकडे धावलो. साहेब दुसऱ्या फोनवर वाकून नमस्कार करत होते. मी पाठीमागं उभा राहिलो. एक मिनिट. दोन. मोठ्या माणसाचं बोलणं तोडायचं नाही, तसंच शिकलो होतो. चौथ्या मिनिटाला त्यांनी न वळता हातानं खूण केली, तारा मोकळ्या करा. मी जागेवर आलो. दिवा अजून जळत होता. इसोगाई थांबला होता. थांबा म्हटलं तर सभ्य माणूस थांबतो.

मी बोर्डातली त्याच्या जोडणीची दोरी उपटली.

पुढं सतरा वर्षांनी चौथी बोली लिहायचं काम आलं, तेव्हा ते कलम घातलं. प्रायश्चित्त म्हणून. मला काय ठाऊक, की ज्याला थांबवलं त्याची तार आता जगात कुणालाच तोडता येणार नाही. तो तर फोन ठेवायला उरलाच नाही, म्हणजे त्यालाही नाही. मलाही नाही.

२२ मार्च, शुक्रवार

चौथी लावली. लावायचीच होती. अतिदक्षता विभागाचे फोन तिच्यावरच चालतात.

चौथीत 'माणूस जागेवर नसेल तर असेल तिथं गाठा' अशी सोय आहे. मी दोन वाजता मुद्दाम गावात गेलो. शेवयांच्या दुकानात बसलो. दोन वीसला दुकानातला गुलाबी फोन वाजला. मालकानं उचलला, ऐकलं, दुकानभर बघितलं आणि विचारलं, कुरामोची कोण?

मी नाही, म्हणालो.

वाडगं तसंच टाकून निघालो. मागून त्यानं 'सुखरूप!' म्हटलं.

२५ मार्च, सोमवार

नव्या यंत्राचा तक्ता बघितला. तार सात: रिकामी. जुन्याचा बघितला. तार सात: जोडलेली, थांबवलेली. वेळ, एकशे तेरा कोटी — मी आकडा उतरवत नाही. सेकंदांत होता. हिशेब केला तर बरोबर छत्तीस वर्षं येतात. पण जुनं यंत्र एवढं जुनं नाहीच.

नव्याला थांबवलेला माणूस दिसतच नाही. त्याच्या लेखी तिथं कुणी नाही.

२७ मार्च, बुधवार

उचलला. बोललो नाही. पाण्याची टपटप. खूप जण श्वास जपून घेतायत असा आवाज. मग, अगदी जवळ, क्षमा मागितल्यासारखं —

वर बर्फ पडतोय का, असं विचारलं.

मी ठेवू शकलो नाही. त्यानं आधी ठेवल्याशिवाय कसा ठेवू? चाळीस मिनिटं हात कानाशी. मग तिकडून आपोआप शांत झालं. ठेवल्याचा आवाज नव्हता.

२८ मार्च, गुरुवार

फुसाएबाईंना सांगितलं. उभ्यानं, हात मांडीला चिकटवून. चार मिनिटांसकट सगळं.

त्या ओरडल्या नाहीत. बोर्डावरचे दिवे एकेक करून पुसले. मग विचारलं, तो उद्धट बोलला होता का? नाही म्हटलं, क्षमा मागत होता. तेव्हा हसल्या. मेला सुधारला नाही, माझ्याशीच तेवढा उद्धट, म्हणाल्या.

मी जायला वळलो तेव्हा म्हणाल्या, उद्या दोन वीसला तुम्हीच घ्या. वर यायला सांगा त्यांना. फोन मी जोडून देईन. तेव्हाही मीच दिला होता.

या वेळी कविराज म्हणाल्या नाहीत.

२९ मार्च, शुक्रवार

दुपारी १.५०. बोगद्यात आहे. वही टेबलावर उघडी. बाहेर काँक्रीटची गाडी येऊन उभी राहिलीय, तिचं पोट फिरल्याची घरघर ऐकू येते. मुरोईसाहेबांना सांगून ठेवलंय, अडीचला बाहेर येतो. ते म्हणाले, पावणेतीनच्या आधी घंटा देईन, काळजी नसावी.

फुसाएबाईंनी एक ओनिगिरी, भाताचा मुठीएवढा गोळा, बांधून दिलीय. एकच. खाणीत जाताना देतात तशी.

२.२०. आला. उचलला.

म्हटलं, इसोगाई-सान, फार वेळ थांबवलं. क्षमा करा. मी कुरामोची. दार उघडलंय. सगळ्यांना घेऊन वर या.

तिकडं कुजबुज.

मग मी म्हणत गेलो. तेरावी गल्ली सुटली. बारावी आली. वर चाललोय. अकरावी. गुरुजींच्या चालीत म्हणत होतो हे नंतर लक्षात आलं. नववी. पाचवी. वर बर्फ पडतोय, म्हटलं, खूप पडतोय, ती तुझी वाट बघतेय —

२.२८. भिंत ओली झालीय.

ओले बूट. माझ्या मागून. मी वळलो नाही. एक. दोन. प्रत्येक जण पाठीशी क्षणभर थांबतो, वाकत असावा. सात. आठ. कोळशाचा वास. दहा.

अकरावा थांबला. खांद्यावर हात ठेवला, हलका. म्हणाला —

सुखरूप.

आणि बाहेर गेला. सभ्य माणूस. जाताना दार लावून घेतलं.

२.३३. दार उघडत नाही. बाहेरून फळ्या ठोकतायत. ओरडलो. घरघरीत काही ऐकू जात नसणार. अजून घंटा कुठं दिलीय मुरोईसाहेबांनी? दिली नाही ना?

फोन हातातच आहे. म्हणजे यावर घंटा वाजणारच नाही — नव्या यंत्राला ही तार रिकामीच दिसते, तिकडं नुसतं वाजत राहिलं असेल —

त्यांनी दिली असेल. कुणी उचलला नसेल.

२.३५. शून्य फिरवलं. ऑपरेटर. लगेच लागला. फुसाएबाई, मी म्हटलं, मी आत आहे, जिवंत आहे, दार बंद करू नका —

आवाज त्यांचाच. पण बावीस वर्षांचा. घाबरलेला, भरभर बोलणारा. धीर धरा, म्हणाली, मॅनेजर जागेवर नाहीत, मी थेट वर जोडून देते हं.

नको, म्हटलं. वर नको. तिथं नको जोडू, पोरी —

तिनं निश्चिंतपणे कान काढला. ते ऐकू आलं.

घंटा. दबकी. मीच ती, उंबऱ्यावरची.

उचलला. तिकडं तरुण माणूस. मागं बऱ्याच फोनांचा गलका. मी आधी म्हणालो, आपल्याला त्रास देतोय, क्षमा असावी. का म्हणालो तसं? तोंडातून तेच आलं. मग म्हटलं, आम्ही — मी जिवंत आहे.

आवाज ओळखला. कोण ओळखणार नाही स्वतःचा.

जरा थांबा हं, म्हणाला.

२.३६. थांबलोय. ठेवू शकत नाही. मी ठेवला तर तार जाईल, आणि समजा या वेळी तो परत आला —

धावत गेलाय साहेबांकडे. आता पाठीमागं उभा असेल. बोलणं तोडणार नाही.

२.३७. दाराच्या फटीतून ओलं, राखाडी आत येतंय. आवाज नाही त्याला.

हाक आली तर ओ द्यावी, मुला —

२.३८. तोड, बोलणं तोड, पोरा, खांदा हलव त्यांचा, वाकून उभा नको राहू —

२.३९. पावलं. जागेवर आलाय. माझा दिवा दिसत असेल त्याला. जळतोय. मी थांबलोय, बघ, मी अजून थांबलो —

त्यानं दोरीवर हात ठेव—